मजुरी घरचीच

"अक्का, हुरडा लई झकास आलाय बग यंदा. रविवारी ये. आन् येताना पेन घिऊन ये."

माझ्या धाकट्या भावाचा, मल्लूचा, दर पौषात असा फोन येतो. वळसंगच्या आमच्या रानात ज्वारीची कणसं दुधाला आली की त्याला बहीण आठवते, आणि बहिणीबरोबर पेन आठवतं. पेन कशाला, तर आप्पांच्या जीपच्या कागदांवर माझी सही हवी म्हणून. आमचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आई त्यांच्या आधीच गेली. जीप मात्र अजून आप्पांच्याच नावावर आहे. वारस आम्ही दोघंच. मी सही केली की जीप मल्लूची होणार, आणि त्याची झाली की तो ती विकणार. एवढी साधी गोष्ट आहे, आणि मी सही केलेली नाही.

पौषातलं सोलापूर मला फार आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे चांगलं बोलायला मला फारशी जागा मिळणार नाही. वर्षभर भाजून काढणारं ऊन या दिवसांत शहाण्यासारखं वागतं. बाजारात बोरांचे ढीग पडतात, हरभऱ्याच्या ओल्या डहाळ्याच्या जुड्या येतात, यात्रेचे पाळणे उभे राहतात. गावाकडं गेलं की उभ्या ज्वारीतून वारा खसखसत जातो, आणि कुठंतरी गोवऱ्यांच्या धुराचा वास येतो. आगटी पेटलेली असते. निखाऱ्यात खोचलेलं कणीस काढायचं, हात भाजत असताना ते चोळायचं, आणि हिरवे गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. इतकं स्वस्तातलं सुख माझ्या माहितीत दुसरं नाही. पण हल्ली या धुराचा वास आला की माझ्या नाकाला त्याच्या मागे आणखी एक वास लागतो. ताज्या रंगाचा, थिनरचा. तो त्या एका हुरड्यापासून मागे लागलाय.

त्या सगळ्याचं मूळ टीव्हीत आहे. जुन्या गाड्या नव्या करण्याचे ते परदेशी कार्यक्रम तुम्ही पाहिले असतील. दोन धट्टेकट्टे गोरे पुरुष, अंगात डागाळलेले टी-शर्ट, हिंदीत डब केलेला सदा उत्साही आवाज. कुणाच्या तरी परसातून गवतात रुतलेली गाडी ते उचलून आणतात. हातावर हात मारून भाव ठरतो. मग ठोकाठोक, ठिणग्या, गाणं. जाहिराती लागतात. जाहिराती संपेस्तोवर गंज गेलेला असतो. शेवटी गाडी आरशासारखी चमकते, गिऱ्हाईक डोळे पुसतं, आणि पडद्यावर हिशोब येतो: गाडी एवढ्याला घेतली, सामान एवढ्याचं, रंग एवढ्याचा, विकली एवढ्याला. खाली हिरव्या अक्षरात नफा.

मी टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात उभा जन्म कॉस्टिंग केलं. एका टॉवेलची किंमत काढायची तर सूत, रंग, वीज, मजुरी, जागेचं भाडं, वाया गेलेला माल, पॅकिंग, सगळं धरावं लागायचं. एखादी बाब सुटली तर साहेब फाईल अंगावर टाकायचे, आणि त्यांचं बरोबरच होतं. म्हणून मल्लूच्या घरी पहिल्यांदा हा कार्यक्रम पाहिला तेव्हा तो हिरवा नफा बघून मी मोठ्यांदा हसले. "मल्लू, ह्यात मजुरी कुठाय?"

"सोताच करत्यात की सगळं, अक्का. मजुरी कशाला धरतील?"

"आणि ती जागा? लग्नाच्या हॉलएवढं गॅरेज आहे त्यांचं. वीज फुकट आहे? पहिल्या खेपेला न बसलेलं सामान परत कोण करतं?"

"तू ना, अक्का, करमणुकीत बी टॉवेल मोजत बसतीस," मल्लू म्हणाला. त्याची बायको महानंदा आतून चहा घेऊन आली, आणि त्यानं तिच्याकडं न बघता कप घेतला. डोळे टीव्हीवर होते. त्याच्या चेहऱ्यावरचा तो उजेड मला तेव्हाच आवडला नव्हता.

आप्पांची जीप गोठ्यामागं पडून होती. टप फाटलेला, पत्र्याला भोकं, चाकं मातीत गेलेली. पण एके काळी गावातून ती निघाली की पोरं मागे धावायची. आप्पांना मोतीबिंदू झाला त्या वर्षी मी कॉलेजात होते आणि मल्लू शाळेत. ऑपरेशन होऊन डोळा बरा होईपर्यंत मळ्यातला माल सोलापूरला न्यायचा कुणी, हा प्रश्न होता. आप्पांनी मला भुईमूग काढलेल्या मोकळ्या रानात नेलं, शेजारी बसले आणि म्हणाले, "क्लच दाब. घाबरतीस कशाला? हितं धडकायला काय बी न्हाय." त्या हिवाळ्यात मी जीप चालवली. शेजारी डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेले आप्पा, मागं वांग्यांच्या करंड्या. पाटलांच्या ओट्यावरची माणसं बोलणं थांबवून बघायची. आप्पांना ते दिसत नव्हतं, पण कळायचं. ते खिडकीबाहेर हात काढून सगळ्यांना रामराम करायचे. उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि गाडी चालवणं संपलं. त्याचं मला फार काही वाटलं असं नाही. तेव्हा सगळ्याच गोष्टी अशा संपायच्या.

आप्पा गेल्यावर जमिनीचा प्रश्न आला. आमच्याकडं त्याला प्रश्न म्हणत नाहीत. बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची, दोघांनी कचेरीबाहेर उसाचा रस प्यायचा. मीही सही केली. मल्लूनं हिरवी इरकली साडी दिली, महानंदानं ओटी भरली. सोळा आणे खुशीनं केली असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. जीप तेव्हा कुणाच्या डोक्यातही आली नाही. तिला कोण इस्टेट म्हणणार? भंगार होतं ते.

तर ते भंगार मल्लूनं नवं करायला काढलं. टीव्हीतल्यासारखं.

पहिली गरज जागेची. गोठ्याला लागून महानंदाचा शेळ्यांचा कूड होता. पत्र्याचा, तिनं स्वतः उभा करून घेतलेला. शेळ्या तिच्या, बोकडं तिची, त्यांच्यातून येणारा पैसा तिचा. घरात दुसरं काही तिच्या नावानं ओळखलं जात नव्हतं. पावसात जीप उघड्यावर कशी खोलायची म्हणून मल्लूनं शेळ्या बाजारात नेल्या. "परत घिऊ की," म्हणाला. टीव्हीवर कुणाच्या शेळ्या गेलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

मग सोलापूरहून मेस्त्री आले. भला माणूस, कामाला पक्का, पण मूळचा घाईचा नव्हे. मल्लूनं त्यांना मोबाईलवर तो कार्यक्रम दाखवला आणि इतक्या दिवसांत होईल ना, असं विचारलं. मेस्त्री हसून म्हणाले, "वो टीवी में हफ्ते में गाडी बनाते भाई. अपने कू हफ्ता तो नट ढीला होने कू लगता." आणि तसंच झालं. पाऊस आला, गेला. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला गिअरचा भाग बसेना. दुसरा आणला, तोही बसेना. तिसऱ्याला कानस मारून बसवला. रंगावर धूळ बसली म्हणून रंग खरवडून पुन्हा मारला. या सगळ्या दिवसांत मेस्त्री आणि त्यांच्याबरोबरचा कारागीर दुपारी जेवायला घरातच. दोन भाज्या, भाकरी, भात. भाकऱ्या महानंदा बडवायची. संध्याकाळी ते गेले की पॉलिश पेपर घेऊन पत्रा घासायलाही तीच. मल्लू म्हणायचा, ह्याला काय अक्कल लागती? मी दिवाळीला गेले तेव्हा तिनं ओवाळणीचं ताट हातात दिलं, आणि बोटांची कातडी सोललेली दिसली. "काय गं हे?" म्हटलं तर हसली. "गाडी गोरी झाली वन्सं, हात काळं झालं."

आणि मग तो हुरडा आला. जीप तयार. बाटलीच्या काचेसारखा हिरवागार रंग, नवा टप, पितळी हॉर्न. मल्लूनं तिला रस्त्याच्या कडेला, आगटीजवळ उभं केलं. पुण्याहून, सोलापूरहून ओळखीची आणि ओळखीच्यांच्या ओळखीची माणसं आली. सगळ्यांनी तिच्यावर हात फिरवला, बायका-मुलांना आत बसवून फोटो काढले. मीसुद्धा बसले. चालकाच्या जागेवर बसले आणि क्लच दाबला. हलकाच होता, नवा. मला आप्पा आठवले आणि खरंच बरं वाटलं. नाही म्हणत नाही मी. मल्लूनं ती सुंदर केली होती, आणि त्या घडीला माझा भाऊ मला आवडला.

दुपारी त्यानं व्हिडिओ केला. मोबाईल कुणाच्या तरी हातात दिला आणि जीपपुढं उभा राहिला. टीव्हीतल्यासारखे हात हलवत बोलायला लागला. गाडी वडिलांची, म्हणजे फुकट. पत्रा आणि वेल्डिंग एवढं. इंजिनाचं काम एवढं, टायर एवढ्याचे, रंग एवढ्याचा. दोनदा मारलेला रंग त्यानं एकदाच धरला. न बसलेले दोन भाग गाळले. मेस्त्रींचे पैसे 'इंजिनाच्या कामात' घातले. मग हसला आणि म्हणाला, "बाकी मजुरी, ती घरचीच!"

सगळे हसले. मी महानंदाकडं पाहिलं. ती आगटीशी बसून कणसं चोळत होती, पाहुण्यांच्या द्रोणात दाणे ओतत होती. तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. माझ्या मात्र हातातला हुरडा गार झाला. उभ्या जन्मात एवढा खोटा हिशोब माझ्यापुढं कुणी वाचला नव्हता, आणि वाचणारा माझ्या पाठचा होता.

त्या व्हिडिओमुळं गिऱ्हाईक आलं. चांगलं गिऱ्हाईक, पुण्याचं, हौशी. त्यानं कागद मागितले, आणि मल्लूच्या लक्षात आलं की गाडी आप्पांच्या नावावर आहे आणि अक्काच्या संमतीशिवाय हलणार नाही. जमीन नावावर करून घेताना सात पिढ्यांचे कागद काढणाऱ्या माझ्या भावाला जीपचा एक कागद बघायचा सुचला नव्हता. तो कागद कार्यक्रमात नव्हता ना! त्या दोघा गोऱ्यांच्या गाड्यांना कधी मेलेला बाप नसतो. बहीण तर नसतेच.

तो सोलापूरला माझ्या घरी आला. हातात पिशवी, पिशवीत साडी. पुन्हा इरकली, या खेपेला जांभळी.

"ही कशाला रे?"

"तुला. सई करायची हाय न्हवं गाडीवर? रीत हाय आपली."

"जमिनीला एक साडी. जीपलाही एक साडी?"

"मग दोन आनू का?" तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. "अक्का, पैसं पायजेत का तुला? सरळ बोल की. निम्मं घे."

"पैसे नकोत. तुझा हिशोब पुरा झालेला नाही. तो आधी पुरा कर."

"कसला हिशोब?"

मी सांगितलं नाही. त्याला स्वतःला सुचावं असं वाटत होतं. तो चहा न घेता गेला. मी साडी परत पाठवली. गिऱ्हाईकानं महिनाभर वाट पाहून दुसरीकडं गाडी घेतली. तेव्हापासून दर पौषात हा फोन येतो. त्याच्या आवाजात राग नसतो, ही त्याची लबाडी. हसत म्हणतो, पेन घिऊन ये.

आता तुम्ही म्हणाल, टीव्हीवरच्या करमणुकीवर एवढं काय तोंडसुख घ्यायचं. ते लोक हजारो मैलांवर, त्यांना वळसंग माहीत नाही. पण मी त्यांना सोडणार नाही. ते खोटं बोलतात, आणि हसत हसत बोलतात. हिशोबात चूक होणं मी समजू शकते. बाबच वगळायची, आणि वगळलेली बाब जणू जगात नव्हतीच असं दाखवायचं, हे मला सोसत नाही. त्या गॅरेजला कुणीतरी झाडू मारत असेल. त्या दोघांच्या घरी कुणीतरी जेवण झाकून वाट बघत असेल. कॅमेरा तिकडं वळतच नाही. आणि आमच्याकडचे पुरुष ते बघतात आणि त्यांना वाटतं, अरे, एवढ्यात होतं की! होतं ना. घरच्या मजुरीवर काय वाटेल ते होतं.

तरी यंदा मी पेन घेऊन निघाले. खोटं कशाला बोलू, कंटाळले होते. भाऊ वाळलेला दिसतो हल्ली. लोखंडाच्या गाडीसाठी किती वर्षं अडून बसायचं? आप्पांची आठवण माझ्याजवळ आहे, तिला टप आणि हॉर्न लागत नाही. करून टाकू सही, असं म्हणत पिशवीत पेन टाकलं आणि वळसंगच्या एसटीत बसले.

रस्त्यावरूनच जीप दिसली. ताडपत्रीखाली उभी, एका बाजूनं ताडपत्री उडालेली. तिथला हिरवा रंग उन्हानं विटत चाललाय. सोलापूरचं ऊन कुणाच्या हौसेची भीडभाड ठेवत नाही. मल्लू ज्वारीतून कणसं आणायला गेला होता. "बर्री वन्सं, बर्री," महानंदा ओरडत आली. ती अक्कलकोटकडची, आनंद झाला की या-बसा आधी कानडीत निघतं. तिनं मला घरात न नेता आधी गोठ्याच्या बाजूला नेलं. कुडात दोन शेळ्या होत्या, एक गाभण.

"परत घेतल्यास?"

"जीप भाईर काडल्यावर कूड मोकळा झाला की. एक एक करून घेतल्या." तिनं गाभण शेळीच्या पाठीवर हात ठेवला. मग मागं वळून बघितलं, मल्लू लांब होता. "वन्सं, पेन आनलंय का तुमी?"

"आणलंय."

"सई करू नका."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तीच तर नवऱ्याच्या बाजूनं दोन वर्षं मला फोन करत होती.

"ते त्येंनी करायला लावल्यालं फोन," ती म्हणाली. "ही गाडी इकली की दुसरी आनायची हाय त्येंना. करकंबाला बगून ठिवलीया. लिंबाखाली पडल्याली हाय, मोटार, बुडातनं झाड उगवलंय तिच्या. पैसं हिच्यात आडकल्यात म्हनून थांबल्यात. हितं उबी हाय तवर बरं हाय, वन्सं. मी शेळ्या परत कुटं बांदू?"

ती रडत नव्हती, विनवतही नव्हती. भाव सांगावा तसं सांगत होती. मी तिचे हात बघितले. आता बरे होते.

आगटीपाशी मल्लूनं गोणपाट अंथरलं. कणसं भाजली. सगळ्या हुरड्यात चांगली जात गूळभेंडी, तीच त्यानं माझ्यासाठी निवडून आणली होती, हेही सांगितलं पाहिजे. पाच-सहा पाहुणे होते. पहिला द्रोण माझ्या हातात देत तो म्हणाला, "मग अक्का? आनलं का पेन?"

"आणलंय."

त्याचा चेहरा असा काही खुलला की मला खाली बघावं लागलं. तो कागद आणायला उठायला लागला.

"बस खाली," मी म्हटलं. "पेन आणलंय, पण सही नाही करणार. हिशोब पुरा झाला नाही."

"अजून त्योच हिशोब? सांग तरी, काय धरायचं ऱ्हायलं?"

"शेळ्या धर. कूड धर. मेस्त्र्यांच्या भाकऱ्या धर, सगळ्या. पॉलिश पेपर ज्यानं घासला त्याची हजेरी धर."

 मल्लू पाहुण्यांकडं बघून हसला, त्यांनीही हसावं म्हणून. "भाकरी कुटं धरत्यात व्हय, अक्का?"

एक-दोघं हसले. महानंदानं निखारा उलथला आणि वर पाहिलं नाही. मी म्हटलं, "मग राहू दे उभी," आणि हुरडा खायला लागले. हुरडा अप्रतिम होता. मल्लू थोडा वेळ रुसला, मग यात्रेतल्या पाळण्यांचे वाढलेले दर सांगत बसला. आमचं भांडण असंच चालतं, त्यात कुणी ताट सोडून उठत नाही.

निघताना महानंदानं मला आतल्या खोलीत बोलावलं, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटीत ज्वारीचं कणीस घातलं. मग कपाटातल्या कपड्यांखालून एक साडी काढून माझ्या हातावर ठेवली. सुती, साधी, आठवडी बाजारातली.

"बोकडाच्या पैशातली हाय," ती हळू म्हणाली. "त्येंना म्हाईत न्हाय."

"पण ही कशाची गं?"

तिनं दारातून बाहेर पाहिलं. वाऱ्यानं ताडपत्री फडफडत होती.

"न केल्याल्या सईची," ती म्हणाली.

मल्लूची जांभळी इरकली मी परत केली होती. ही घेतली. एसटीत बसल्यावर पिशवी उघडली, पेन तळाला सारलं आणि वर साडी नीट घडी करून ठेवली.